वेषांतर आणि व्यक्तिदर्शन : दिलीप प्रभावळकर यांच्या विनोदी अभिनयाचा विचार

प्रास्ताविक

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराचा विचार जेवढ्या गांभीर्याने केला, तेवढ्या गांभीर्याने नटाचा केला नाही. नटांमध्येही विनोदी नटाच्या वाट्याला कौतुक भरपूर आले, चिकित्सा फारशी आली नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी नटाची स्थिती तर याहून अवघड आहे. तो घराघरांत पोचलेला असतो, आणि नेमक्या याच कारणाने त्याच्या कामाकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची गरज कोणाला जाणवत नाही. जे सर्वांच्या परिचयाचे आहे ते सर्वांना समजलेले आहे, असा आपला एक सोयीस्कर समज असतो.

प्रस्तुत लेखात दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) यांच्या कारकिर्दीचा एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने विचार करावयाचा आहे. दूरचित्रवाणी हे माध्यम नटाला एक चेहरा देते आणि तोच चेहरा त्याने आठवड्यामागून आठवडे घेऊन यावे अशी अपेक्षा करते. याउलट एकाच प्रयोगात अनेक रूपे धारण करणारा बहुरूपी कलावंत आपला चेहरा सतत पुसत असतो. या दोन वृत्ती परस्परविरोधी आहेत. प्रभावळकर यांनी मात्र दोन्ही क्षेत्रांत दीर्घकाळ आणि यशस्वीपणे काम केले. ‘चिमणराव’ आणि ‘टिपरे आबा’ ही त्यांची दूरचित्रवाणीवरील ओळख, तर ‘हसवाफसवी’ हे त्यांचे बहुरूपदर्शन. या दोहोंना जोडणारे सूत्र कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. चरित्रलेखन हा येथे उद्देश नाही. त्यामुळे त्यांच्या सर्व भूमिकांची नोंद येथे आढळणार नाही.

‘अष्टपैलू’ या विशेषणाची अडचण

प्रभावळकर यांच्याविषयी लिहिताना ‘अष्टपैलू’ हे विशेषण इतक्या सहजतेने वापरले जाते की त्यापुढे विचार करण्याची आवश्यकताच उरत नाही. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण, ‘चौकट राजा’ (१९९१) या संजय सूरकर दिग्दर्शित चित्रपटातील नंदू, ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचू, ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधील महात्मा गांधी. ही यादी समोर ठेवली की वाचक विस्मित होतो. परंतु यादी म्हणजे विवेचन नव्हे. भूमिका परस्परांपासून किती दूरच्या आहेत हे सांगितल्याने त्या कशा उभ्या राहिल्या हे कळत नाही.

‘अष्टपैलू’ म्हणण्याने दोन गोष्टी झाकल्या जातात. या सर्व भूमिकांमागे असलेली एकच अभिनयदृष्टी झाकली जाते, ही पहिली. यांपैकी काही भूमिकांत रंगभूषा नटावर मात करते आणि काहींत नट रंगभूषेवर, हा गुणात्मक भेदही झाकला जातो, ही दुसरी. नटाचा आदर करावयाचा तर त्याच्या कामातील हा भेद दाखविणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

येथे नक्कल आणि अभिनय यांतील फरक ध्यानात घेणे उपयुक्त होईल. नकलाकार व्यक्तीचे एखादे वैचित्र्य उचलतो आणि ते ठळक करतो. चालण्याची ढब, बोलण्यातील लकब, मानेचा झटका यांवर त्याची भिस्त असते. प्रेक्षक मूळ व्यक्ती ओळखतो आणि हसतो. अभिनेता त्या वैचित्र्यामागील तर्क शोधतो. हा मनुष्य असाच का चालतो, त्याला कशाची भीती वाटते, कोणासमोर तो आवाज चढवितो आणि कोणासमोर खाली आणतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की लकब आपोआप येते, आणि ती बदलत्या प्रसंगानुसार बदलूही शकते. प्रभावळकर यांच्या उत्तम भूमिकांत हा आंतरिक तर्क जाणवतो. दुय्यम भूमिकांत तो जाणवत नाही. पुढील विवेचन या निकषावर आधारलेले आहे.

चिमणराव : निवेदकाचा देह

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी, कृष्णधवल चित्र, आणि संच असलेल्या घरी जमणारा शेजार, अशा त्या काळात ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही विजया धुमाळे-जोगळेकर यांची मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसारित झाली. चिमणरावाच्या भूमिकेत प्रभावळकर होते, तर गुंड्याभाऊच्या भूमिकेत बाळ कर्वे. कर्वे यांचे २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हाही त्यांची ओळख सांगताना सर्वत्र गुंड्याभाऊचेच नाव घेतले गेले. दूरचित्रवाणी नटाला कसा कायमचा चेहरा देते याचे याहून बोलके उदाहरण कोणते देता येईल?

ही पात्रे मूळची चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांची. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने मराठी मध्यमवर्गाला त्याचे सर्वांत भाबडे प्रतिबिंब दिले, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. चिं. विं.च्या लेखनाचे मर्म निवेदनात आहे. चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो आणि ती फजिती आहे हे त्याला पुरते उमगलेले नसते. वाचक त्याच्यापेक्षा थोडे अधिक जाणतो. या ‘थोड्या अधिक’मध्ये विनोद दडलेला असतो. पडद्यावर मात्र निवेदक दिसू लागतो. शब्दांत लपलेले भाबडेपण देहात आणावे लागते आणि तेथेच रूपांतराची कसोटी लागते.

या पात्रांना पडद्यावर आणण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला होता. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर यांनी चिमणराव रंगविला होता. दामूअण्णांची मुद्राच अशी होती की ते पडद्यावर येताच प्रेक्षक हसण्यास सिद्ध होई. प्रभावळकर यांच्यापाशी असा उपजत विनोदी चेहरा नव्हता. त्यांचा चेहरा चारचौघांसारखा. गर्दीत हरवून जाईल असा. ही उणीव त्यांनी सामर्थ्यात परिवर्तित केली. त्यांचा चिमणराव हसविण्यासाठी काहीच करीत नाही. तो मनापासून, काळजीपूर्वक, आपल्या समजुतीप्रमाणे योग्य तेच करावयास जातो आणि गोंधळ होतो. स्वतःच्या हास्यास्पदतेविषयीचे अज्ञान हा निवेदनाचा जो गुण, तोच त्यांनी अभिनयाचा गुण केला. चिं. विं.च्या गद्यातील भाबडा ‘मी’ येथे अंगविक्षेपांत विरून जात नाही. तो डोळ्यांतील विश्वासाच्या रूपाने टिकून राहतो.

यापुढची गोष्ट अशी की चिमणराव हा आपल्या काळाशी जुळवून घेताना दमछाक होणारा मनुष्य आहे. नव्या रीती, नव्या वस्तू, नवे शिष्टाचार यांच्याशी त्याची सतत झटापट चालते. काळाशी न जुळणाऱ्या माणसाचे हे चित्र पुढे प्रभावळकर यांच्या अनेक भूमिकांत पुन्हा दिसते, आणि ते योगायोगाने घडलेले नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘हसवाफसवी’ : सहा रूपे, एक दृष्टी

चिमणरावाच्या यशानंतर प्रभावळकर यांना त्याच प्रतिमेत सुखाने राहता आले असते. तसे घडले नाही. त्यांनी स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकात त्यांनी सहा भिन्न भूमिका साकारल्या. १९९० च्या दशकातील मराठी रंगभूमीवर हे नाटक विलक्षण लोकप्रिय झाले.

मराठीत अनेक पात्रे एकट्याने उभी करण्याची परंपरा यापूर्वीच प्रतिष्ठित झाली होती. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या प्रयोगात निवेदक पु. ल. कधीच लोप पावत नाहीत. चाळकरी येतात आणि जातात, पण आपण चाळ पाहतो ती पु. लं.च्या मिस्कील नजरेतून. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकच नट साध्या साधनांनिशी बावन्न व्यक्तिरेखा डोळ्यांपुढे उभ्या करीत असे. तेथे नटाच्या चपळाईचा आणि आवाजाच्या पल्ल्याचा आनंद प्रेक्षक घेत असे. या दोन्ही प्रयोगांत नट दिसत राहतो, किंबहुना तो दिसावा अशीच त्यांची रचना आहे.

‘हसवाफसवी’ची रीत वेगळी आहे. येथे पूर्ण रंगभूषा, पूर्ण वेषभूषा आणि प्रत्येक पात्राला स्वतंत्र अवकाश आहे. निवेदकाची मध्यस्थी नाही. प्रेक्षकाला क्षणभर तरी ‘हा प्रभावळकर’ हे विसरावयास लावणे, ही या नाटकाची पैज आहे. शीर्षकातील ‘फसवी’ हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. हसविणे हे येथे फसविण्याच्या मार्गाने साधावयाचे आहे.

या सहा भूमिकांत कृष्णराव हेरंबकर हा संगीत रंगभूमीवरील वृद्ध गायकनट सर्वश्रेष्ठ ठरतो. त्याच्या बोलण्यात गतवैभवाच्या आठवणी आहेत, थकलेल्या शरीरातून उसळी मारणारा स्वर आहे आणि ऐकणाऱ्यांच्या पिढीला आपले संदर्भ कळत नाहीत याची पुसटशी जाणीवही आहे. प्रेक्षक प्रथम हसतो. मग आपण एका संपत आलेल्या कलापरंपरेला हसत आहोत हे त्याच्या ध्यानात येते आणि हसू आवरते. हा क्षण नकलेतून निर्माण होऊ शकत नाही. त्यासाठी त्या वृद्धाचा सारा भूतकाळ नटाला ठाऊक असावा लागतो.

याच नाटकातील दीप्ती लुमुंबा ही स्त्री-व्यक्तिरेखा आणि ‘वासूची सासू’ या प्रदीप दळवी यांच्या नाटकातील स्त्रीवेष यांचाही विचार येथे व्हावयास हवा. बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकेत रूपाची मोहिनी हे मूल्य होते. पुढे स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि पुरुषाचा स्त्रीवेष केवळ थट्टेचा विषय होऊन बसला. प्रभावळकर यांनी स्त्रीवेष विनोदासाठी वापरला हे खरे. पण त्यांच्या उत्तम क्षणी हसू येते ते त्या बाईच्या स्वभावाला, पुरुषाने लुगडे नेसले आहे याला नव्हे. हा फरक सूक्ष्म असला तरी अभिरुचीच्या दृष्टीने मोठा आहे.

पुढे पुष्कर श्रोत्री यांनी ‘हसवाफसवी’ पुन्हा रंगमंचावर आणले. एका नटाच्या अंगगुणांसाठी बेतलेली संहिता दुसऱ्या नटाला पेलता येते, यावरून त्या लेखनाला स्वतंत्र अस्तित्व आहे हे सिद्ध होते. प्रभावळकर यांच्यातील लेखकाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, याचीही ही एक खूण मानावी लागेल.

टिपरे आबा : घरातला वृद्ध

२००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठी (नंतरचे झी मराठी) या वाहिनीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका सुरू झाली. प्रभावळकर यांनी ‘लोकसत्ता’ मध्ये लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या दैनंदिनीवजा सदरावर ती आधारित होती. चिमणराव ते टिपरे या दोन टप्प्यांत सुमारे पाव शतकाचे अंतर आहे, आणि या अंतरात माध्यमाचे स्वरूप पूर्णतः पालटले होते. एका सरकारी वाहिनीच्या जागी अनेक खासगी वाहिन्या आल्या होत्या. कौटुंबिक मालिका म्हणजे कटकारस्थान, अशी समजूत देशभर रूढ होत होती. अशा वेळी आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे एक साधे मध्यमवर्गीय कुटुंब आठवड्यातून एकदा भेटावयास येऊ लागले.

आबांच्या भूमिकेतील विशेष असा की येथे वेषांतर जवळजवळ अदृश्य झाले आहे. प्रभावळकर तेव्हा साठीच्याही अलीकडे होते. पण प्रेक्षकाला नटाचे वय आठवत नसे. नातवंडांच्या जगाविषयीचे कुतूहल, मुलाला न दुखविता त्याला चिमटा काढण्याची रीत, आपले म्हातारपण प्रसंगी ढालीसारखे पुढे करण्याचा लबाडपणा, आणि मधूनच येणारी शांतता यांतून आबा घडतात. ‘हसवाफसवी’त रंगभूषेच्या साह्याने जे साधले ते येथे तिच्या अत्यल्प आधाराने साधले आहे.

चिमणराव आणि आबा यांची तुलना उद्बोधक आहे. चिमणरावाला काळ समजत नाही आणि ते त्याला कळतही नाही. आबांना काळ पुरता समजत नाही; पण आपल्याला तो समजत नाही हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते हसून स्वीकारले आहे. पहिल्या भूमिकेतील विनोद अज्ञानातून येतो, दुसऱ्या भूमिकेतील समंजसपणातून. पंचवीस वर्षांत एका नटाच्या विनोदाने केलेला हा प्रवास मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाशीही नाते सांगतो. उदारीकरणानंतरच्या दशकात घरातील वृद्धाचे स्थान हा प्रश्न अनेक कुटुंबांत न बोलता उभा होता. मालिकेने त्याचे उत्तर दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तो प्रश्न तिने कटुता न आणता दर आठवड्याला घरात आणला.

हास्याच्या पलीकडे

विनोदी नटाला गंभीर भूमिका मिळाली की ‘आता त्याची खरी परीक्षा’ असे म्हणण्याची प्रथा आहे. यात विनोदाला दुय्यम लेखणे अभिप्रेत असते. प्रभावळकर यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. ‘चौकट राजा’ मधील नंदू हा बौद्धिक वाढ खुंटलेला तरुण आहे. येथे नक्कल अक्षम्य ठरली असती. दया मागणारा अभिनय तर त्याहून अधिक. चिमणरावाच्या वेळी कमावलेली दृष्टी येथे उपयोगी पडली. पात्राकडे बाहेरून न पाहता, त्याच्या लेखी जे योग्य ते मनापासून करणे, हीच ती दृष्टी होय. नंदूला स्वतःची कीव येत नाही, म्हणूनच प्रेक्षकाचे मन हलते.

राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ मधील गांधीजी केवळ नायकाला दिसतात. भोवती सारा विनोदी चित्रपट चालू असताना मध्यभागी असलेल्या या व्यक्तीने विनोद करावयाचा नाही आणि उपदेशकही व्हावयाचे नाही, अशी ही अवघड मागणी होती. प्रभावळकर यांनी ती मंद स्वरात आणि कमीत कमी हालचालींत पूर्ण केली. ‘शेवरी’ हा मराठी चित्रपट आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ या दोहोंतील अभिनयासाठी त्यांना २००६ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विनोदातील संयमाचा हा एका अर्थी गौरवच म्हणावा लागेल.

मर्यादांचा विचार

या कारकिर्दीच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदवावयास हव्यात. ‘झपाटलेला’ मधील तात्या विंचू अफाट लोकप्रिय झाला. पण ती लोकप्रियता बाहुल्याची, आवाजाची आणि चमत्कृतीची आहे. पात्राला आतून जाणण्यास तेथे वावच नव्हता. ‘पछाडलेला’ (२००४) मधील इनामदार भुसनळे हे भुताचे पात्रही याच वळणाचे आहे. या भूमिका वाईट नाहीत. त्या नटाच्या कौशल्याचा उपयोग करतात, त्याच्या दृष्टीचा नव्हे. ‘हसवाफसवी’तही सर्व सहा व्यक्तिरेखा समान तोलाच्या नाहीत. काहींत विनोद नावाच्या चमत्कृतीवर आणि बाह्य वैचित्र्यावर विसंबतो. परकीय वाटणाऱ्या नावालाच हसण्याची सवय आज खटकल्यावाचून राहत नाही. कृष्णराव हेरंबकर यांच्याशेजारी ही पात्रे ठेवली की वेषांतर आणि व्यक्तिदर्शन यांतील अंतर एकाच नाटकात दिसते.

याखेरीज एक मर्यादा त्यांची नाही, आपली आहे. दूरदर्शनच्या प्रारंभीच्या मालिकांचे जतन, सूची आणि अभ्यासकांना त्या सलगपणे पाहता येण्याची सोय यांकडे मराठी विद्याक्षेत्राने फारसे लक्ष पुरविलेले नाही. परिणामी चिमणरावाविषयीची चर्चा पुष्कळदा स्मरणरंजनावर चालते. नाटकाची संहिता ग्रंथालयात मिळते. नटाने त्या संहितेचे काय केले हे मात्र प्रेक्षकांच्या पिढीबरोबर नाहीसे होते. कृष्णराव हेरंबकरांच्या वाट्याला जे आले तेच त्यांना साकारणाऱ्या नटाच्या कामाच्या वाट्याला येऊ द्यावयाचे काय, हा प्रश्न आपल्या भाषाविभागांपुढे आहे.

समारोप

‘नारबाची वाडी’ (२०१३) मध्ये आपल्या वाडीला चिकटून राहिलेला आणि मरणाची वाट पाहणाऱ्यांना पुरून उरणारा नारोबा त्यांनी रंगविला. २०२५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ‘दशावतार’ या सुबोध खानोलकर दिग्दर्शित चित्रपटात ते बाबुली मेस्त्री या कोकणातील दशावतारी कलावंताच्या भूमिकेत दिसले. आयुष्यभर रूपे पालटणाऱ्या नटाने, रूपे पालटणे हेच ज्याचे जीवन आहे अशा लोककलावंताची भूमिका करावी, यात एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते. चिमणराव, हेरंबकर, आबा, नारोबा आणि बाबुली ही सारी माणसे आपल्या काळाच्या काठावर उभी आहेत. काळ त्यांना बाजूला सारतो. ती मात्र आपला हेका, आपली कला किंवा आपला मिस्कीलपणा सोडीत नाहीत.

दूरचित्रवाणीने दिलेला चेहरा आणि बहुरूप्याने पुसलेला चेहरा यांतील विरोध प्रारंभी मांडला होता. प्रभावळकर यांच्यापुरते त्याचे उत्तर असे देता येईल : त्यांनी चेहरे अनेक घेतले, परंतु माणसाकडे पाहण्याची नजर एकच ठेवली. ज्याला हसावयाचे त्याला आधी समजून घ्यावयाचे, ही ती नजर. जेथे ती टिकली तेथे वेषांतराचे व्यक्तिदर्शन झाले. जेथे प्रसंगाने वा संहितेने तिला जागा दिली नाही तेथे केवळ वेष उरला. या निकषावर त्यांच्या भूमिकांचा एकेक करून अभ्यास होणे आवश्यक आहे. तसा अभ्यास झाल्यास ‘अष्टपैलू’ या विशेषणाची गरज कदाचित उरणार नाही.